निजलेली फटफटी

एखादी वस्तु वापरली नाहीं म्हणजे ती झिजत नाहीं, असा आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक दृढ समज आहे. पितळेचीं मोठीं पातेलीं माळ्यावर जातात, लग्नांतला शालू पेटीच्या तळाशीं जातो, आणि मग त्यांच्याविषयीं घरांतील मंडळी निर्धास्त होतात. वास्तविक शालू जपणाऱ्या गृहिणीला विचारावें. ती सांगेल कीं, वर्षांतून एकदां तरी त्याची घडी मोडून निराळ्या रेषेवर घातली नाहीं, तर जेथें घडी बसली तेथेंच तो विरतो. उपसा नसलेल्या विहिरीचें पाणी नासतें, हें तर शेतकऱ्याचें पोरहि जाणतें. यंत्राची गोष्ट याहून कठीण. चालत्या यंत्राची झीज ठरलेल्या जागीं होते; ती जागा घडविणाऱ्याला ठाऊक असते, आणि म्हणून तेथें तेल घालण्याची व भाग बदलण्याची सोय त्यानें करून ठेविलेली असते. उभ्या यंत्राचा नाश मात्र कोणाच्या ध्यानींमनीं नसलेल्या जागीं होतो, आणि मुळींच आवाज न करतां होतो.

आमच्या मामांची जावा मोटारसायकल नागपुरास महालांतील जुन्या वाड्याच्या मागल्या पडवींत १९९८ च्या पावसाळ्यापासून उभी होती. पाटबंधारे खात्यांत ओव्हरसियर असतांना त्यांनीं ती १९६७ सालीं घेतली, आणि रामटेकजवळचा खिंडसी तलाव, त्याचे कालवे, उमरेडकडील लहानमोठे बांध, हें सर्व त्यांनीं तिच्यावरूनच पालथें घातलें. सेवानिवृत्ति झाली त्याच वर्षीं गुडघ्यांनींहि राजीनामा दिला, आणि गाडीवर गोणपाट पडलें. गोणपाटावर कालांतरानें वर्तमानपत्रांचे गठ्ठे आले. त्यांवर उन्हाळा संपला म्हणजे काढून ठेवावयाच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या आल्या. नवीन पिढींतील मुलांस त्या ढिगाखालीं गाडी आहे हें ठाऊकहि नव्हतें. मामांचें वय आतां पंचाऐशींच्या घरांत आहे. अशांत पुण्याच्या एका हौशी संग्राहकाचें पत्र आलें. गाडी आहे त्या स्थितींत, धुळीसकट, नेण्यास ते तयार होते, आणि त्यांनीं देऊं केलेली रक्कम लहान नव्हती. आम्हीं तें पत्र मामांस वाचून दाखविलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "विकायची तर वीक बाबा, पण चालती करून वीक. मेलेली म्हणून देऊं नको."

एवढ्या एका वाक्यामुळें पुढील चार महिने गेले.

जावा हें नांव ऐकून पुष्कळांस पूर्वेकडील बेटाची आठवण होते. त्या बेटाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. चेकोस्लोव्हाकियांतील यानेचेक नांवाच्या शस्त्रांच्या कारखानदारानें १९२९ सालीं जर्मनींतील वाँडरर कंपनीचा मोटारसायकलीचा व्यवसाय घेतला, आणि आपल्या व तिच्या नांवांचीं आरंभींचीं अक्षरें जोडून हें नांव केलें. दुसऱ्या महायुद्धांत तो देश जर्मनांच्या अमलाखालीं असतांना तेथील कारागिरांनीं अडीचशें सी.सी.च्या नव्या गाडीचा आराखडा गुपचुप तयार केला, आणि १९४६ त पॅरिसच्या प्रदर्शनांत ती जगापुढें मांडली. त्याच वंशांतील पुढची पिढी आपल्याकडे आली. १९६१ पासून म्हैसूरच्या यादवगिरी भागांतील आयडियल जावा कारखान्यांत ती तयार होऊं लागली. तो उद्योग रुस्तुम व फारोख या इराणी मंडळींनीं चालविला. १९७३ पासून हीच गाडी येझदी या नांवानें विकली जाऊं लागली. तें नांव इराणांतील यझ्द नगराचें. १९९६ त कारखाना बंद पडला. म्हणजे मामांची गाडी पडवींत गेली, ती तिचें माहेर बुडाल्यावर दोन वर्षांनीं. पुढें २०१८ त निराळ्या कंपनीनें हें नांव पुन्हां बाजारांत आणलें, पण त्या गाड्यांचीं इंजिनें अगदीं वेगळीं आहेत. त्यांचा एक खिळाहि आमच्या उपयोगाचा नव्हता. आपल्या लोकांनीं मात्र या वंशावळीची कधींच फिकीर केली नाहीं. इंग्रजांची असो, चेकांची असो, म्हैसूरची असो, ती फटफटी. यंत्राला त्याच्या आवाजावरून नांव देण्याची ही रीत आम्हांस फार समर्पक वाटते. कारण पुढें आम्हांला कळून आलें कीं, या गाडीचें सारें आरोग्य तिच्या आवाजांतच असतें.

गणेशपेठेच्या बाजूस एका कडुनिंबाखालीं ज्यांचें दुकान आहे, असे एक सत्तरीच्या पुढचे मिस्त्री या जातीच्या गाड्यांचे जाणकार म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांस वाड्यावर आणलें. प्रथम त्यांनीं गाडीस हातच लावला नाहीं. टाकीचें झांकण उघडून आंत नाक घातलें, मग दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडाशीं वाकून वास घेतला. एखादा वैद्य नाडीपूर्वीं रोग्याचा चेहरा पाहतो तसें. टाकींतून जुन्या वार्निशासारखा आंबूस वास येत होता. शेवटीं त्यांनीं किकच्या दांड्यावर तळहात ठेवून हलकेंच दाबलें. दांडा तसूभरहि हलला नाहीं. आमचा चेहरा पाहून ते म्हणाले, "मेली नाही जी. निजून राह्यली."

या गाडीच्या किकचा दांडा हें एक मोठें मौजेचें प्रकरण आहे. तो उभा करून लाथ मारली म्हणजे इंजिन सुरू होतें. मग तोच दांडा आडवा पाडला कीं गेअर बदलावयाच्या कामीं येतो. ज्या दांड्यानें उठवावयाचें, त्याच दांड्यानें पळवावयाचें! शिवाय गेअर टाकतांना क्लच आपोआप सुटेल अशीहि योजना आंत आहे. आजच्या नव्या गाड्यांच्या जाहिरातींतून ज्यांचा डांगोरा पिटला जातो, अशा कित्येक सोयी आजोबांच्या काळींहि होत्या, हें पाहून आम्हांला थोडा आसुरी आनंद झाला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

पिस्टन नळकांड्यांत चिकटून बसला होता. मिस्त्रींनीं प्लग काढून त्या भोंकांतून घासलेट आणि इंजिनचें तेल यांचें मिश्रण आंत ओतलें, आणि चार दिवस गाडीकडे कोणीं फिरकावयाचें नाहीं अशी आज्ञा केली. आमच्या एका भाच्यानें हातोडीची सूचना केली; तिच्याकडे त्यांनीं लक्ष दिलें नाहीं. पांचव्या दिवशीं त्यांनीं गाडी वरच्या गेअरांत टाकली आणि मागील चाक हातानें बोटभर पुढें, बोटभर मागें असें अर्धा तास हालविलें. जोर नाहीं, हिसका नाहीं. दळणावर बसलेल्या बाईच्या हाताला जी एक लय असते, तीच. अखेर आंतून ओल्या लाकडाच्या बिजागरीसारखा एक बारीक आवाज आला, आणि चाक पुरतें फिरलें. त्या आवाजानंतर मिस्त्रींनीं पहिल्यानें चहा घेतला.

पुढील आठवडा सफाईंत गेला. टाकींत मूठभर नट आणि घासलेट घालून दोन पोरांनीं ती दुपारभर खुळखुळ्यासारखी हालविली. जें बाहेर आलें तें गेरूचें पाणी म्हणून भिंतीस फांसण्याजोगें होतें. कार्बोरेटरमध्यें पेट्रोल उडून जाऊन मागें पिंवळट राळ उरली होती. त्यांतील पितळी जेटचें छिद्र सुईच्या अग्राहून बारीक. तें तारेनें साफ करूं गेल्यास पितळ कातरलें जाऊन छिद्र मोठें होतें, आणि मग तें इंजिन जन्मभर अधाशी होतें. म्हणून मिस्त्रींनीं ब्रशाचा एकच केंस त्यांतून ओवला. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांवर पांढुरकी बुरशी धरली होती. ती बारीक कानशीनें काढून, पॉइंट नेमके कोणत्या क्षणीं उघडतात हें पाहण्याकरितां त्यांनीं सिगारेटच्या पाकिटांतला पातळ कागद त्यांच्या चिमटींत धरला, आणि इंजिन हातानें सावकाश फिरविलें. कागद ज्या क्षणीं सुटला, त्या क्षणीं पिस्टन माथ्यापासून तीन-साडेतीन मिलिमीटर खालीं असला पाहिजे. या साऱ्या विधींत मोजण्याचें साधन म्हणावें तर एक लहान पट्टी आणि तो कागद. आम्हीं त्यांस सिगारेट ओढतां काय, असें विचारलें. ते म्हणाले, "नाही जी. पाकीट फक्त कागदासाठी."

सातव्या लाथेस गाडी सुरू झाली. निळा धूर पडवींतून माजघरांत, माजघरांतून रस्त्यावर गेला, शेजारच्या गच्चीवरून एक पोरगा "अबे, सुरू झाली!" म्हणून ओरडला, चितारओळीकडून येणारे दोघे तिघे अपरिचित गृहस्थ आंत येऊन उभे राहिले. घरांतून पेढे आले. मामा खोलींत पलंगावर बसले होते. आम्ही धांवत गेलों, तेव्हां त्यांच्या मुद्रेवर आनंद होता, पण समाधान नव्हतें. "सुरू झाली," ते म्हणाले, "चालते कोठें?"

आमच्या मतें या विषयांतील खरा मुद्दा हाच आहे, आणि जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांकडून तो नेहमीं डावलला जातो. निजलेलें इंजिन पुन्हां बोललें, हा प्रसंग नाट्याचा आहे. त्यास प्रेक्षक मिळतात, टाळ्या मिळतात, आणि हल्लीं त्याचीं चित्रेंहि घेतलीं जातात. परंतु पेट्रोल, ठिणगी आणि दाब हीं तीन एकत्र आलीं म्हणजे कोणतेंहि इंजिन घटकाभर बोलेल. तें तापल्यावर काय बोलतें, चढावर काय बोलतें, थांबवून पांच मिनिटांनीं पुन्हां उठविल्यावर काय बोलतें, हें पाहण्यास कोणी थांबत नाहीं. आमची गाडी सुरू झाली ती एका दुपारीं. चालूं लागण्यास त्यापुढें तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांत वाड्यावर एकहि अपरिचित गृहस्थ आला नाहीं.

लक्षणें विचित्र होतीं. उभी असतां इंजिन आपोआप वेग घेई, आणि मूठ सोडली तरी खालीं येईना. बडकस चौकापर्यंत नेली, तर तेथें एकाएकी खोकून बंद पडे, आणि इंजिन इतकें तापलेलें असे कीं जवळ हात नेववत नसे. शिवाय धूर, तोहि निळा नव्हे, पांढरा आणि दाट. येथें या जातीच्या इंजिनाचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. टू-स्ट्रोक इंजिनांत प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट होतो, आणि त्याला निराळे वाल्व नसतात. पिस्टन वर जातांना आपल्या खालच्या बंद कोठडींत पेट्रोलची वाफ ओढून घेतो, आणि खालीं येतांना ती वरच्या बाजूस ढकलतो. म्हणजे पिस्टनच लोहाराचा भाता आणि पिस्टनच घण. भात्याचें कातडें फाटलें तर भट्टी पेटेल काय? या कोठडीच्या दोन्ही बाजूंस, जेथून फिरता दांडा बाहेर येतो तेथें, रबराचीं सीलें असतात. सव्वीस उन्हाळे, आणि नागपूरचे उन्हाळे, त्या रबरानें कोरडे काढले होते. पारा पंचेचाळीसच्या वर जातो अशा मे महिन्यांत जें आंबा सुकवितें, तें रबरास कसें सोडील? सील वाळून चिरलें होतें. एका बाजूनें वारा आंत शिरे, त्यामुळें पेट्रोलचें प्रमाण पातळ होऊन इंजिन तापे आणि सैरावैरा धांवे. दुसऱ्या बाजूनें गेअरपेटींतील तेल ओढलें जाऊन त्याचा पांढरा धूर होई. हे दोष गाडी चालविल्यावांचून कळणारे नव्हते. पडवींत उभी असतां ती निर्दोषच होती.

इंजिन उतरवून उघडावें लागलें. इतवारींतील लोहा ओळींत, जुन्या मालाच्या ढिगांतून, आणि परगांवच्या दोन तीन दुकानांशीं पत्रव्यवहार करून सीलें, बेअरिंगें, क्लचच्या बुचाच्या प्लेटा असें एकेक मिळत गेलें. या शोधांत एका दुकानदारानें नामांकित छापाचा म्हणून दिलेला प्लग बनावट निघाला. तो आठ मैलांत मुका झाला. मिस्त्रींनीं तो हातांत घेऊन त्यावरील अक्षरांवरून नख फिरविलें, आणि कांहीं न बोलतां झाडाच्या बुंध्याशीं टाकला. तेथें तशा प्लगांचा ढीग होता. सायलेन्सरांत तीस वर्षांच्या धुराची काजळी दगड होऊन बसली होती. ते जाळून झटकल्यावर गाडीचा आवाज एकदम मोकळा झाला. सर्दी गेलेल्या माणसाचा होतो तसा.

मिस्त्रींचा मुलगा शेजारींच नव्या गाड्या दुरुस्त करतो. त्याच्यापाशीं एक यंत्र आहे; तें गाडीस जोडलें म्हणजे पडद्यावर दोषाचा आंकडा येतो, आणि तो भाग बदलला कीं काम संपलें. आम्ही यास कमी लेखीत नाहीं. नव्या गाड्या थोड्या पेट्रोलांत दूर जातात, थोडा धूर सोडतात; आणि टू-स्ट्रोकच्या धुराचे गोडवे गाणाऱ्यांनीं तो चौकांत उभ्या असलेल्या पोलिसाच्या नाकानें हुंगून पाहावा. पण बापाची विद्या मुलाकडे गेलेली नाहीं, आणि ती नेण्याचें कांहीं साधन तूर्त दिसत नाहीं. तापल्या इंजिनाच्या सांध्यांवर तेलाचा ब्रश फिरवीत, आवाज कोठें बदलतो तें डोळे मिटून ऐकणें, ही कोणत्या पडद्यावर उमटणारी गोष्ट नाहीं. मुलगा म्हणतो, "बाबांचं कान आहे, आमचं मीटर आहे." त्यांत तिरस्कार नव्हता, थोडी हळहळच होती.

पेट्रोलचाहि प्रश्न निघाला. इथेनॉलवर चालणारी देशांतील पहिली बस २०१४ सालीं याच नागपुरांत धांवली, हें वाचकांस आठवत असेल. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल ठिकठिकाणीं मिळूं लागलें, आणि २०२५ पर्यंत तें देशभर पसरलें. उसाच्या शेतकऱ्याचें त्यांत हित असेल, आणि परदेशी तेलाचा खर्चहि वांचत असेल; परंतु इथेनॉल हवेंतलें पाणी शोषून घेतें, आणि जुन्या रबरास तें सोसत नाहीं. म्हणून पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. आणि गाडी आठवडाभर उभी राहावयाची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा, असा मिस्त्रींनीं दंडक घातला. वीस-पंचवीस भाग पेट्रोलांत एक भाग तेल मिसळावयाचें, तें मात्र पूर्वींसारखेंच. मामांजवळ त्यासाठीं एक जस्ताचें माप होतें. तें देवघरांत सांपडलें.

येथें कायद्याची गोष्ट येते, आणि तींतच आमची खरी अडचण आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षें टिकते, व पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी होऊन ती नूतन करावी लागते. त्या वाटेनें गेलें तर गाडी रस्त्यावर चालूं शकते. दुसरी वाट २०२१ च्या जुलैंत निघाली. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांचा सरकारनें एक निराळा पुरातन वर्ग केला. वीस हजार रुपये भरून तींत दहा वर्षांची नोंदणी मिळते, आणि क्रमांकांत 'व्हीए' हीं मानाचीं अक्षरें येतात. पण मानाबरोबर बंधन आलें: अशी गाडी रस्त्यावर नित्य चालवावयाची नाहीं, प्रदर्शनास न्यावी, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यास न्यावी, पेट्रोल भरण्यास अथवा दुरुस्तीस न्यावी, आणि परत आणून ठेवावी. वारसा म्हणून जपावयाच्या वस्तूंस असा नियम हवा, हें आम्हांस मान्य आहे. पुण्याच्या संग्राहकांस हीच दुसरी वाट हवी होती, हें त्यांच्या पुढील पत्रांतून उघड झालें. सीलें नवीं घातलीं हें कळल्यावर त्यांनीं जुनीं सीलें फेंकूं नयेत असें आवर्जून लिहिलें. चिरलेल्या रबराच्या त्या दोन कड्या आम्हीं पाकिटांत घालून ठेविल्या आहेत.

आम्हीं पहिली वाट धरली, तपासणी झाली, आणि डिसेंबरांतील एका सकाळीं गाडी रामटेकास नेली. कामठी मागें पडली, कन्हानच्या पुलावर धुकें होतें. मनसरजवळ एकदां गाडी थांबवून, पांच मिनिटें बसून, पुन्हां उठविली. दुसऱ्या लाथेस उठली. पुढें गडाच्या चढावर तिनें दुसऱ्या गेअरांत तक्रार केली नाहीं. रामगिरीवरच्या यक्षास एक वर्षाचा विरह झाला तर त्यानें मेघाला दूत केलें. या बिचारीला सव्वीस वर्षें झालीं, तरी तिनें कोणाकडे निरोप धाडला नव्हता. खिंडसीच्या बांधावर आम्हीं इंजिन बंद केलें, तेव्हां पाण्यावरील बगळे उडाले आणि पुन्हां बसले.

परत आल्यावर मामांनीं गाडी गल्लींतून वाड्यापर्यंत एकदां आणखी फिरवावयास सांगितली. त्यांस दिसतें कमी, पण ऐकूं चांगलें येतें. ते दारांत खुर्चीवर बसले. आम्ही जवळ आलों तेव्हां म्हणाले, "तिसऱ्यांत किंचित् अडते." मिस्त्रींनींहि आदल्या दिवशीं नेमकें हेंच सांगितलें होतें, या दोघांची भेट झालेली नव्हती.

मग त्यांनीं कागद मागविला, आणि पुण्यास पाठविण्याकरितां थरथरत्या अक्षरांत स्वहस्तें दोन ओळी लिहिल्या. किंमत वाटेल ती द्यावी. परंतु पंधरवड्यांतून एकदां तरी गाडी दहा मैल चालली पाहिजे, आणि ती पेट्रोल भरण्याच्या निमित्तानें नव्हे. असें लेखी कळवीत असाल तर घेऊन जा.

त्यास आतां पांच आठवडे होतात. उत्तर आलेलें नाहीं. तिसऱ्या गेअरचें चाक अमरावतीच्या एका जुन्या गाडींतून मिळण्यासारखें आहे, असें मिस्त्री म्हणतात. पुढल्या बुधवारीं ते स्वतः जाऊन पाहणार आहेत.